व्हेझिनाच्या नावाचा चषक आणि बेनेडिक्टची उपेक्षा

पंचगंगा (धागाकर्ता)

बर्फावरच्या व्यावसायिक हॉकीत, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, हंगामातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला दरवर्षी जो चषक मिळतो तो जॉर्ज व्हेझिना या माँट्रियल कॅनेडियन्सच्या गोलरक्षकाच्या नावाने दिला जातो. माझे म्हणणे असे आहे की हा मान ओटावाच्या क्लिंट बेनेडिक्टचा होता, आणि तो व्हेझिनाकडे गेला याची कारणे खेळात कमी आणि त्याच्या अकाली मृत्यूत व संघमालकांच्या जिव्हाळ्यात अधिक आहेत. व्हेझिनाला कमी लेखण्यासाठी हे लिहीत नाही. त्याच्या तोडीच्या, किंबहुना त्याच्याहून सरस असलेल्या खेळाडूचे नाव हॉकीप्रेमींच्या तोंडी सहसा येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

बेनेडिक्टचा जन्म १८९२ चा, ओटावातला. १९१२-१३ च्या हंगामात तो ओटावा सेनेटर्समध्ये आला, तेव्हा संघात पर्सी लेस्यूर हा नामांकित गोलरक्षक होता. त्याच्या सावलीत दोन हंगाम काढल्यावर बेनेडिक्टने जागा मिळवली आणि १९२४ पर्यंत ती सोडली नाही. त्यानंतर तो माँट्रियलच्या नव्या मरून्स संघात गेला आणि १९३० पर्यंत लीगमध्ये खेळला. ओटावाबरोबर १९२०, १९२१ आणि १९२३ असे तीन स्टॅन्ले चषक (या हॉकीतले सर्वोच्च विजेतेपद), मरून्सबरोबर १९२६ चा चौथा. १९१८-१९ पासून १९२२-२३ पर्यंत सलग पाच हंगाम प्रतिसामना सर्वांत कमी गोल देणारा गोलरक्षक तोच होता.

पण माझा मुख्य मुद्दा आकड्यांचा नाही. १९१७ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा गोलरक्षकाने पाय बर्फावर टेकवून उभे राहूनच पक, म्हणजे ती रबराची जाड चकती, अडवावा असा नियम होता. जाणूनबुजून खाली पडला तर शिक्षा होई. बेनेडिक्ट तोल गेल्यासारखे करून गुडघ्यांवर यायचा आणि अंगाखाली पक दाबून धरायचा. पंचांना तो खरेच घसरला की मुद्दाम पडला हे ठरवणे अवघड होऊन बसले. प्रेक्षक त्याला ‘प्रार्थना करणारा बेनी’ म्हणून हिणवत. शेवटी जानेवारी १९१८ मध्ये, पहिला हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना, अध्यक्ष फ्रँक काल्डर यांनी नियमच बदलला आणि गोलरक्षकाला हवे तसे खाली येण्याची मुभा मिळाली. आज जगातला प्रत्येक गोलरक्षक गुडघ्यांवर येऊन खेळतो. ज्याच्यामुळे त्या जागेचा खेळच बदलला त्याच्या नावाने चषक असायला नको होता का?

बेनेडिक्टला हॉकीच्या सन्मानदालनात १९६५ मध्ये घेतले गेले. व्हेझिना १९४५ च्या पहिल्याच तुकडीत होता. मधली वीस वर्षे मला अन्यायाची वाटतात.

उत्तररात्र

पंचगंगा, मांडणी नेटकी आहे, पण निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. माझे वास्तव्य बरीच वर्षे माँट्रियलमध्ये आहे आणि व्हेझिनाबद्दल इथे जी आस्था आहे तिला मृत्यूची सहानुभूती म्हणणे हा त्या माणसाच्या कारकिर्दीवर अन्याय आहे.

व्हेझिना १८८७ साली क्यूबेक प्रांतातल्या शिकूटिमी या गावात जन्मला. फेब्रुवारी १९१० मध्ये कॅनेडियन्सचा संघ तिथे प्रदर्शनी सामना खेळायला गेला आणि गावच्या या गोलरक्षकाने व्यावसायिक खेळाडूंना एकही गोल करू दिला नाही, असे सांगितले जाते. कॅनेडियन्सचा त्या वेळचा गोलरक्षक जोसेफ कॅटारिनिच याच्या मनात तो इतका भरला की त्याने स्वतःच्या जागी त्याला घ्यावे असा आग्रह संघाकडे धरला. आपली जागा दुसऱ्याला देण्याची शिफारस एक व्यावसायिक खेळाडू करतो, याहून मोठी पावती कोणती? ३१ डिसेंबर १९१० रोजी व्हेझिना ओटावाविरुद्ध पहिला सामना खेळला आणि तिथून २८ नोव्हेंबर १९२५ पर्यंत कॅनेडियन्सच्या गोलपुढे त्याच्याशिवाय कुणीही सामना सुरू केला नाही. साखळीतले सव्वातीनशेहून अधिक सामने आणि बाद फेरीचे ३९, सगळे सलग. त्या काळी मुखवटा नव्हता, आणि पायांना जी पॅड्स बांधत ती मुळात क्रिकेटची. विनिपेगच्या एका गोलरक्षकाने १८९६ च्या स्टॅन्ले चषक सामन्यात ती बांधली आणि पुढे सर्वांनी तीच उचलली. रुंद, भरीव चामडी पॅड्स हॅमिल्टनचा कारागीर पॉप केनेस्की याने १९२४ च्या सुमारास करायला घेतली, तोवर व्हेझिनाची कारकीर्द संपत आली होती. अशा साधनांनिशी पंधरा वर्षे एकही सामना चुकवायचा नाही, हे मला कुठल्याही सरासरीपेक्षा मोठे वाटते.

दुसरे, ज्या नियमबदलाचे श्रेय तुम्ही बेनेडिक्टला देता त्याची दुसरी बाजू पाहा. १९१८ पर्यंत खाली पडणे बेकायदेशीर होते. व्हेझिना उभा राहिला, काठीने खेळला. पक हातमोज्यापेक्षा काठीने अडवून बाजूच्या कोपऱ्यात वळवण्यात त्याचा हातखंडा होता. पंचांच्या डोळ्यांत धूळ न फेकता त्याने सात हंगाम काढले आणि त्यांतल्या पहिल्या दोन्ही हंगामांत सर्वांत कमी गोल दिले. नियम पाळून जो सर्वोत्तम ठरला त्याच्या नावाने चषक असण्यात अन्याय कसला?

मैदानवासी

दोघांचेही वाचले. मी गवतावरच्या हॉकीत जिल्हा पातळीवर बरीच वर्षे गोलरक्षक म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे ‘डोळ्यांत धूळ’ या शब्दांवर थोडे बोलावेसे वाटते.

बर्फावरचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. पक एक इंच जाड, तीन इंच व्यासाचा, आणि बहुतेक वेळा बर्फालगत घसरत येतो. म्हणजे धोका सगळ्यांत जास्त जिथे आहे ती जागा जमिनीपासून पहिल्या फूटभर उंचीची. उभ्या माणसाच्या दोन पायांमध्ये आणि पायांच्या बाहेर नेमकी तीच जागा उघडी राहते. गोलसमोर पाच-सहा जणांची गर्दी झाली, पक त्यांच्या पायांत अडकला, की काठीने तो शोधत बसायला वेळ नसतो. त्या क्षणी अंग टाकावेसे वाटणे ही गोलरक्षकाची उपजत प्रतिक्रिया आहे. तो नियम गोलरक्षकाला त्याच्या कामाविरुद्ध वागायला लावत होता. बेनेडिक्टने काही नवीन युक्ती शोधली असे मी म्हणणार नाही. जे प्रत्येक गोलरक्षकाच्या अंगात होते ते त्याने लोकांची टवाळी सोसून उघडपणे केले, आणि इतक्या वेळा केले की लीगला नियमातला खोटेपणा दिसला. मला यात फसवेगिरी दिसत नाही, हिंमत दिसते.

मात्र उत्तररात्र यांचा उभे राहण्याचा मुद्दाही मी हलक्यात काढणार नाही. नियम बदलल्यानंतरही व्हेझिना बहुतांशी उभाच खेळत राहिला. १९१८ साली त्याचे वय ३१ होते आणि अंगवळणी पडलेली पद्धत त्या वयात सहसा कुणी टाकत नाही. तरीही १९२३-२४ आणि १९२४-२५ या दोन्ही हंगामांत तो सर्वांत कमी सरासरीचा गोलरक्षक ठरला, तेही आजूबाजूचे सगळे तरुण गुडघ्यांवर येऊ लागले असताना. यावरून त्याची नजर आणि काठी किती तयार असेल याची कल्पना येते. गोलरक्षक म्हणून मला निवडायला सांगाल तर शिकण्यासाठी व्हेझिना आणि जिंकण्यासाठी बेनेडिक्ट, असे मी म्हणेन, आणि चषक जिंकण्यासाठी असतो म्हणून माझे मत पंचगंगा यांच्या बाजूने.

अंकपट

सरासरीवरून दोन गोलरक्षकांची तुलना करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पाहावी. १९१७-१८ मध्ये व्हेझिना ३.९३ या सरासरीने लीगमध्ये पहिला होता. सात वर्षांनी, १९२४-२५ मध्ये, तो पुन्हा पहिला आला तो १.८१ या सरासरीने. माणूस तोच, संघ तोच, वय वाढलेले, आणि गोल निम्म्याहून कमी. याचा अर्थ सरासरी गोलरक्षकापेक्षा त्या काळाच्या खेळाबद्दल जास्त सांगते. पुढे पास देण्यावर बंधने होती, संघ बचावात तरबेज होत गेले, गोलरक्षकांना खाली येण्याची मोकळीक मिळाली आणि सगळ्यांचेच आकडे उतरले. पुढे १९२८-२९ मध्ये कॅनेडियन्सच्या जॉर्ज हेन्सवर्थने ४४ सामन्यांत २२ वेळा एकही गोल दिला नाही. त्यानंतरच्या हंगामात लीगने तिन्ही विभागांत पुढे पास देण्याची परवानगी दिल्यावर गोलांचा पाऊस पडला. म्हणून मी फक्त एकाच हंगामातली तुलना ग्राह्य धरतो.

आता ती तुलना. पाच हंगाम बेनेडिक्ट पहिला, हे खरे. पण त्याच्यापुढे कोण होते? एडी जेरार्ड, जॉर्ज बाउचर, आणि मधोमध फ्रँक नायबोर, जो काठीच्या टोकाने समोरच्याच्या काठीवरचा पक टोचून काढण्यात अद्वितीय होता. ओटावाचा संघ आघाडी मिळाली की जास्तीची माणसे मागे उभी करून सामना गोठवून टाकत असे. ती त्यांची ठरलेली पद्धत होती आणि प्रतिस्पर्धी तिला वैतागलेले असत. अशा भिंतीमागचा गोलरक्षक पहिला येणारच. भिंत नव्हती तेव्हा काय झाले तेही सांगतो. १९१५ च्या स्टॅन्ले चषकासाठी ओटावाचा संघ व्हँकूव्हरला गेला आणि तीन सामन्यांत ६-२, ८-३ आणि १२-३ असा हरला. तीन सामन्यांत २६ गोल, आणि गोलपुढे बेनेडिक्ट होता.

पंचगंगा

अंकपट, १९१५ चे आकडे बरोबर आहेत, पण ते अर्धेच चित्र आहे. व्हँकूव्हरचे सामने पश्चिम किनाऱ्यावर, प्रदीर्घ रेल्वेप्रवासानंतर झाले, आणि त्यांतला काही भाग पश्चिमेच्या नियमांनी, म्हणजे सात खेळाडूंनी, खेळला गेला. बेनेडिक्ट तेव्हा २२ वर्षांचा होता आणि मुख्य गोलरक्षक म्हणून त्याचा तो पहिला हंगाम होता. आता हीच फुटपट्टी व्हेझिनाला लावू. १९१७ मध्ये कॅनेडियन्स चषक राखण्यासाठी सिएटलला गेले. पहिला सामना ८-४ ने जिंकले आणि पुढचे तीन ६-१, ४-१, ९-१ असे हरले. चार सामन्यांत २३ गोल, आणि गोलपुढे तिशीतला, सात हंगामांचा अनुभव असलेला व्हेझिना. मी यावरून व्हेझिना वाईट होता असे म्हणत नाही. पण मग व्हँकूव्हरवरून बेनेडिक्टलाही दोषी धरू नये.

भिंतीचा मुद्दा जास्त गंभीर आहे, त्याचे उत्तर मरून्समध्ये आहे. १९२४ मध्ये ओटावाने बेनेडिक्ट आणि ‘पंच’ या टोपणनावाचा आक्रमक खेळाडू ब्रॉडबेंट यांना माँट्रियलच्या नव्या संघाकडे पाठवले. नायबोर मागे राहिला, बाउचर मागे राहिला. भिंतच श्रेष्ठ असती तर बेनेडिक्ट उघडा पडायला हवा होता. झाले काय? दुसऱ्याच हंगामात मरून्स अंतिम फेरीत पोचले आणि व्हिक्टोरिया कूगर्सविरुद्ध चारपैकी तीन सामन्यांत बेनेडिक्टने एकही गोल दिला नाही: ३-०, ३-०, मग २-३ असा एक पराभव, आणि २-०.

आणि भिंतीचीच गोष्ट काढली आहे म्हणून विचारतो: व्हेझिनाच्या शेवटच्या दोन उत्तम हंगामांत कॅनेडियन्सच्या बचावात कोण होते? स्प्रेग क्लेघॉर्न, जो आधी ओटावात बेनेडिक्टच्या पुढे उभा राहायचा. १९२१ मध्ये तो माँट्रियलला आला आणि त्यानंतर व्हेझिनाची सरासरी उतरत गेली.

शेवंता

चर्चा चांगली चालली आहे, पण बेनेडिक्टच्या ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त हलवले तिचा उल्लेख अजून कुणी केला नाही, याचे नवल वाटते.

७ जानेवारी १९३० रोजी कॅनेडियन्सच्या हॉवी मोरेंझचा जोरदार फटका बेनेडिक्टच्या चेहऱ्यावर बसला आणि नाक व गालाचे हाड मोडले. मोरेंझ त्या काळातला सर्वांत वेगवान आक्रमक, त्यामुळे फटका काय जोराचा असेल ते समजू शकते. बेनेडिक्ट तेव्हा ३७ वर्षांचा होता. निवृत्त झाला असता तर कुणी बोट दाखवले नसते. २० फेब्रुवारीला तो न्यूयॉर्क अमेरिकन्सविरुद्ध पुन्हा उतरला तो चामड्याचा मुखवटा लावून. नॅशनल हॉकी लीगच्या सामन्यात मुखवटा घालणारा तो पहिला गोलरक्षक. मुखवटा ओबडधोबड होता आणि त्याचा नाकावरचा उंचवटा इतका मोठा की पायांजवळ येणारा पक नीट दिसत नसे. मैदानवासी यांनी वर लिहिलेच आहे की गोलरक्षकाला सगळ्यांत जास्त धोका खालच्या फूटभर जागेत असतो. नेमकी तीच जागा त्या मुखवट्याने झाकली. काही सामन्यांनंतर त्याने तो काढून ठेवला, लवकरच पुन्हा इजा झाली आणि लीगमधली त्याची कारकीर्द तिथेच संपली. पुढचा एक हंगाम तो दुय्यम लीगमध्ये विंडसरच्या संघाकडून खेळला.

त्यानंतर नोव्हेंबर १९५९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, गोलरक्षकांनी मुखवटा नियमित वापरला नाही. तो पायंडा कॅनेडियन्सच्या जॅक प्लांटने पाडला, आणि त्यालाही प्रशिक्षकाचा विरोध मोडून काढावा लागला. तोवर किती जणांनी दात, नाक, डोळे गमावले असतील! खाली येण्याचा नियम आणि मुखवटा, आधुनिक गोलरक्षकाचे रूप ज्या दोन गोष्टींनी ठरले त्या दोन्हींच्या आरंभी एकच माणूस उभा आहे. माझे मत बेनेडिक्टला.

उत्तररात्र

शेवंताताई, मुखवट्याबद्दल तुम्ही लिहिले ते वाचून बेनेडिक्टविषयीचा माझा आदर वाढला. तरीही पहिला प्रयत्न करणे आणि श्रेष्ठ असणे यांत मी फरक करतो.

श्रेष्ठपणाचे एक उदाहरण देतो, ज्याला आकड्यांच्या तक्त्यात जागा मिळत नाही. मार्च १९१९, सिएटल. स्टॅन्ले चषकाचा चौथा सामना कॅनेडियन्स आणि सिएटल मेट्रोपॉलिटन्स यांच्यात झाला. पूर्ण वेळात गोल नाही. वीस मिनिटांचा जादा वेळ, त्यातही गोल नाही. ०-० अशा बरोबरीत सामना सोडून द्यावा लागला. ऐंशी मिनिटे एका टोकाला व्हेझिना आणि दुसऱ्या टोकाला हॅप होम्स, दोघेही अजिंक्य. त्या वेळी साथीच्या तापाने कॅनेडियन्सचे खेळाडू आजारी पडू लागले होते. निर्णायक सामना होऊच शकला नाही, आणि ५ एप्रिलला संघाचा बचावपटू जो हॉल सिएटलच्या रुग्णालयात वारला. त्या वर्षीचा चषक कुणालाच मिळाला नाही. मालिका पूर्ण झाली असती तर कदाचित व्हेझिनाच्या नावावर दोनऐवजी तीन चषक असते.

आता मृत्यूबद्दल. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात तो अंगात सणसणून ताप असताना उतरला. पहिले सत्र त्याने गोल न देता काढले. त्यानंतर त्याच्या जागी आल्फॉन्स लाक्रॉइला उतरावे लागले. निदान क्षयाचे झाले. २७ मार्च १९२६ ला, वयाच्या ३९ व्या वर्षी, शिकूटिमीत त्याचा मृत्यू झाला. पंचगंगा म्हणतात की चषकाचा मान या मृत्यूमुळे मिळाला. मी म्हणतो की त्या संध्याकाळी तापात उतरणे आणि पंधरा वर्षे एकही सामना न चुकवणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, ते एकाच स्वभावाचे वागणे आहे. चषक देणाऱ्यांत कोण होते हेही लक्षात घ्या: कॅनेडियन्सचे मालक लिओ दांदुराँ, लुई लेतुर्नो आणि जोसेफ कॅटारिनिच. होय, तोच कॅटारिनिच, ज्याने १९१० मध्ये आपली जागा व्हेझिनाला दिली होती. त्याला व्हेझिनाचा खेळ गोलरक्षकाच्या नजरेने कळत होता.

पंचगंगा

कॅटारिनिचचा मुद्दा मला पटतो आणि तो सुंदर आहे, पण त्यातून माझेच म्हणणे पुढे जाते. चषक लीगने कुणाची तुलना करून ठेवलेला नाही. एका संघाच्या मालकांनी आपल्या लाडक्या सहकाऱ्याच्या आठवणीसाठी तो दिला आणि लीगने स्वीकारला. यात गैर काही नाही. पण शंभर वर्षांनी लोक त्या नावावरून ‘व्हेझिना हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ’ असा अर्थ काढतात, तो अर्थ देणाऱ्यांच्या कृतीत नव्हता. शिवाय दांदुराँ यांनी व्हेझिनाभोवती आख्यायिकाही पुष्कळ विणल्या. त्याला २२ मुले होती ही गोष्ट कित्येक वर्षे छापली गेली. प्रत्यक्षात त्याचे दोन मुलगे होते. बेनेडिक्टला अशा गोष्टी सांगणारा मालक भेटला नाही.

तारखा जोडून पाहिल्या तर जीव हळहळतो. व्हेझिना २७ मार्च १९२६ ला गेला आणि ३० मार्चला माँट्रियलच्या फोरममध्ये बेनेडिक्टने अंतिम फेरीचा पहिला सामना एकही गोल न देता जिंकला. शहर एका गोलरक्षकाच्या शोकात असताना त्याच शहराच्या दुसऱ्या गोलरक्षकाने कारकिर्दीतली सर्वोत्तम मालिका खेळून दाखवली. लोकांच्या स्मरणात त्या आठवड्याचे काय राहिले, हे आपण सगळे जाणतो.

आल्हाद

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचे नाव नुसते ओझरते आले. हॅप होम्स चार वेगवेगळ्या संघांकडून स्टॅन्ले चषक जिंकला: १९१४ आणि १९१८ मध्ये टोरांटोचे दोन संघ, १९१७ मध्ये सिएटल, १९२५ मध्ये व्हिक्टोरिया. उत्तररात्र यांनी सांगितलेल्या ०-० सामन्यात व्हेझिनासमोर तोच, १९१७ मध्ये व्हेझिनाला हरवणाऱ्या सिएटलच्या गोलपुढेही तोच, आणि १९२६ च्या अंतिम फेरीत बेनेडिक्टसमोरही तोच. सन्मानदालनात त्याला १९७२ मध्ये, म्हणजे बेनेडिक्टनंतरही सात वर्षांनी जागा मिळाली. भिंतीमागच्या गोलरक्षकाची शंका ज्यांना आहे त्यांनी, चार भिंती बदलूनही जिंकणाऱ्याकडे आधी पाहावे.

अंकपट

आल्हाद, होम्सचे नाव घेतलेत हे बरे केले; माझ्या लेखी तो या दोघांच्या फार मागे नाही.

पण मूळ प्रश्न चषकाचा आहे, आणि त्याबद्दल एक तपशील कुणी मांडला नाही. हा चषक १९२६-२७ पासून १९८१ पर्यंत मतांनी दिला जातच नव्हता. ज्या संघाने हंगामात सर्वांत कमी गोल दिले त्या संघाच्या गोलरक्षकाला तो आपोआप मिळे. १९८१-८२ पासून व्यवस्थापकांच्या मतदानाने सर्वोत्तम गोलरक्षक निवडण्याची पद्धत आली आणि कमी गोलांसाठी विल्यम जेनिंग्ज यांच्या नावाचा वेगळा चषक सुरू झाला. म्हणजे अर्ध्याहून अधिक काळ व्हेझिना चषक हा भिंतीसह गोलरक्षकाचा चषक होता. त्या जुन्या निकषावर बेनेडिक्टने १९२० च्या आसपास तो ओळीने जिंकला असता. उत्तररात्र, हे तुम्हाला अडचणीचे वाटत नाही का?

उत्तररात्र

अडचणीचे वाटत नाही, कारण चषक अस्तित्वात आल्यावर काय झाले तेही पाहायला हवे. पहिल्या हंगामात, १९२६-२७ मध्ये, बेनेडिक्ट मरून्सच्या गोलपुढे होता आणि उत्तम खेळत होता. चषक अगदी थोड्या फरकाने हेन्सवर्थला, म्हणजे व्हेझिनाची जागा घेतलेल्या गोलरक्षकाला मिळाला, आणि पुढचे दोन हंगामही त्यालाच. व्हेझिनाच्या नावाचा चषक बेनेडिक्टच्या हाती कधीच आला नाही. हे दैव म्हणा, पण त्यात कुणाचा पक्षपात नव्हता; गोल मोजून निकाल लागला होता.

आणि हे दोघे थेट समोरासमोर आले तेव्हाचा एक निकाल सांगून माझी बाजू पुरी करतो. मार्च १९२४ मध्ये लीगच्या निर्णायक दोन सामन्यांत कॅनेडियन्स आणि ओटावा भिडले. ओटावा साखळीत पहिल्या क्रमांकावर होते, गतविजेते होते, आणि त्यांची सगळी भिंत जागेवर होती. पहिला सामना कॅनेडियन्सने १-० ने जिंकला, दुसरा ४-२ ने. पुढे व्हँकूव्हर आणि कॅल्गरी यांनाही हरवून त्यांनी स्टॅन्ले चषक नेला, आणि त्या सहा सामन्यांत मिळून व्हेझिनाने फक्त सहा गोल दिले. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि समोर ३१ वर्षांचा, भरात असलेला बेनेडिक्ट होता.

पंचगंगा

१९२४ चा तो निकाल मी नाकारत नाही. मात्र त्या मालिकेत कॅनेडियन्सकडे मोरेंझ हा नवखा आक्रमक होता आणि त्याच्यासमोर व्हेझिनाला उभे राहावे लागले नाही, बेनेडिक्टला राहावे लागले. सहा वर्षांनी त्याच मोरेंझच्या फटक्याने बेनेडिक्टचा चेहरा फुटला. दोन सामन्यांवरून अठरा हंगामांची कारकीर्द मोजणार असाल तर १९२० ते १९२३ या चार वर्षांत ओटावाने तीनदा स्टॅन्ले चषक नेला आणि कॅनेडियन्सने एकदाही नाही, हेही त्याच तराजूत घाला. माझी मागणी चषकाचे नाव बदलण्याची नाही. लीगने पहिल्या शंभर वर्षांतल्या गोलरक्षकांबद्दल काही लिहावे, दाखवावे, तेव्हा १९१८ चा नियम आणि १९३० चा मुखवटा या दोन गोष्टींपाशी बेनेडिक्टचे नाव ठळक यावे, एवढेच मी मागतो, आणि उत्तररात्र, निदान यावर तुमची हरकत नसावी असे मला वाटते.

उत्तररात्र

यावर हरकत नाही. चषकाच्या नावावर मात्र आपले मतभेद तसेच राहतील.